सल्लागारबाई रेषेवरून उतरतात

काहींचा व्यवसाय एका शब्दात सांगून होतो. सल्लागारबाईंचा व्यवसाय समजावून देता देता मात्र त्यांच्या नणंदेचे अर्धे आयुष्य खर्ची पडले. शेजारणीने विचारले की ती सांगे, "वहिनी समाजसेवा करणाऱ्यांना सल्ला देते." शेजारीण म्हणे, "म्हणजे समाजसेवा कोण करतं?" त्यावर नणंद म्हणे, "तेच ठरवायला तर तिला बोलावतात."

थट्टा होती, पण फार दूरची नव्हती. वस्तीतली मंडळे, अपंगांच्या संघटना, घरकाम करणाऱ्यांचे गट आणि मोठ्या इमारतींतून चालणाऱ्या धर्मादाय संस्था, या सर्वांवर कधी ना कधी अशी वेळ येते की, ज्यांच्यासाठी दिवा लावला तेच अंधारात राहिले की काय, अशी शंका मनाला चाटून जाते. अशा वेळी बाईंना निरोप जाई. समता हा शब्द सभागृहाच्या भिंतीवर रंगवणे सोपे असते. त्याच सभागृहात खुर्ची कोणाला मिळते आणि सतरंजी कोणाला, एवढे पाहत बसणे हे बाईंचे व्रत होते. ते त्यांनी केस पांढरे होईतो निष्ठेने पाळले.

त्यांची कामाची एक पद्धत होती. चर्चा पुरेशी झाली की त्या पिशवीतून खडू काढत, वाकून जमिनीवर एक लांब रेघ ओढत आणि म्हणत, "पटतं त्यांनी उजवीकडे, पटत नाही त्यांनी डावीकडे. बोलायला नको, फक्त उभं राहा." हात अर्धा वर करता येतो, पाऊल अर्धे टाकता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. स्वतः बाई मात्र नेमक्या रेषेवर उभ्या राहत. या मध्यस्थितीचा त्यांना अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता. भांडणे मिटली होती, फुटलेले गट सांधले होते, दोन्ही बाजूंची माणसे त्यांच्या घरी चहाला येत.

बाईंच्या यजमानांचे चष्म्याचे दुकान होते. ते म्हणत, "धंदा आपल्या दोघांचा एकच, लोकांना दिसतं करायचं. फरक इतकाच, की माझं गिऱ्हाईक दिसायला लागल्यावर खूश होतं."

आता ज्या प्रकरणासाठी हे सारे सांगितले, त्याकडे वळू.

एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक लांबट खोली होती. आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांची ती विसाव्याची जागा. या बायकांना सगळे मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसेही. खोलीत दहा खाटा, एक न्हाणीघर, एक शेगडी आणि भिंतीला खुंट्यांची रांग. रात्रपाळी संपवून आलेली मावशी तिथे अंग धुई, चार घास खाई आणि दुपारच्या कामापर्यंत झोपे. एका वृद्ध डॉक्टरांनी मरताना ही खोली मावश्यांसाठी ठेवली होती आणि तिची देखभाल एका संस्थेकडे सोपवली होती. अट एकच, वापरणाऱ्यांच्या संमतीवाचून, आणि ती संमती संस्थेबाहेरच्या कोणी सहीनिशी लिहून दिल्यावाचून, खोलीचा उपयोग बदलू नये.

त्याच संस्थेचा एक ब्यूरो होता. कोणत्या मावशीने कोणत्या घरी कामाला जायचे, हे तिथे ठरे.

संस्थेचे संचालक दुष्ट नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. सालस, सुविद्य, मृदुभाषी असे ते गृहस्थ. त्यांच्या मनाने घेतले की त्या खोलीत प्रशिक्षणकेंद्र काढावे. "आपण यांना झोपायला जागा देतो, बाई, वर यायला जागा देत नाही," असे ते कळवळून म्हणाले. बाईंना ते पटले. संमती घेण्याचे काम त्यांनी स्वीकारले.

पहिली बैठक संस्थेच्या सभागृहात भरली. मावश्या धुतलेले कपडे घालून, हात मांडीवर ठेवून बसल्या. संचालक सुरेख बोलले. मग बाईंनी रेघ ओढली आणि बोलावणाऱ्याचा मान म्हणून, केवळ रीत म्हणून, म्हणाल्या, "सर, सुरुवात तुम्ही करा."

संचालक हसून उजवीकडे गेले. त्यांच्या मागोमाग एक मावशी उठली, मग दुसरी, मग सगळ्याच. रेषेची डावी बाजू घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखी रिकामी राहिली.

"सर्वसंमती," संचालक म्हणाले. "तुमच्या हाताला यश आहे, बाई."

मौन हे संमतीचे लक्षण, असे एक जुने वचन आहे. ज्याने ते रचले त्याला कधी कोणाची चाकरी करावी लागली नसावी. बाई घरी आल्या, जेवल्या, परंतु डोळ्यांपुढून एक गोष्ट हलेना. पाऊल टाकताना एकाही मावशीने रेषेकडे पाहिले नव्हते. सगळ्यांनी संचालकांकडे पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी बदलण्याच्या सुमारास, बाई त्या खोलीवर गेल्या. दारातच एक काडीसारखी मावशी टॉवेल पिळत होती. आवाजामुळे तिचे नाव तोफ पडले होते आणि ते तिला मनापासून आवडे.

"काल उजवीकडे का गेलात?" बाईंनी विचारले.

"सर गेले म्हणून."

"पण तुम्हाला पटलं होतं का?"

"पटायचं काय त्यात? ब्यूरो सरांचा. ते ज्या बाजूला, त्या बाजूला ड्युटी." तोफेने टॉवेल झटकला. "शिकवायचं तर शिकवा की. आम्ही कुठे नको म्हणतो? पण झोपायचं कुठे ते सांगा. रात्रभर आजाऱ्याची कूस बदलायची, आणि दिवसा आपल्याला कूस टेकायला जागा नाही. ही कुठली प्रगती?"

"मग हे मला का नाही सांगितलंत? मी तिथेच होते."

"तुम्ही मधे होतात. मधे उभ्या माणसाला काय सांगायचं? नमस्कार करायचा आणि घरी जायचं."

ती हे रागाने म्हणाली नाही, त्यामुळे ते अधिक लागले. तटावर उभा राहतो तो तटस्थ. त्याचे पाय कोरडे राहतात खरे. पण प्रवाहात एकाला दगड बांधून सोडले आहे आणि दुसरा नावेत बसला आहे, हे तटावरून दिसूनही जो दोघांना समान अंतरावर ठेवतो, त्याच्या समदृष्टीची महती काय गावी? बाईंना हा विचार नवा नव्हता. इतरांना त्यांनी तो शेकडो वेळा ऐकवला होता. स्वतःच्या पायांना तो लावून पाहिला नव्हता, इतकेच.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितले. नणंद भाजी निवडत होती. "वहिनी, त्या सरांनी तुला बोलावलं कशाला? सल्ला घ्यायला की शिक्का मारायला?"

"शिक्का मारायला, वन्सं. आणि मी मारलाही असता."

"अजून मारला नाहीस ना?" यजमान म्हणाले. "मग जेव आधी. उपाशीपोटी भांडलं की आवाज बारीक येतो."

बाई संचालकांना भेटल्या तेव्हा त्यांनी पाल्हाळ लावला नाही. "बैठक चुकली. चूक माझी. ती पुन्हा घ्यायची, मावश्यांच्या खोलीत. आणि संस्थेतल्या कोणी आधी उभं राहायचं नाही."

संचालकांनी चष्मा पुसला. "पद्धत तुमची, रेघ तुम्ही मारलीत. आता निकाल आवडला नाही म्हणून पद्धत चुकीची?"

"निकाल मला आवडला होता, सर. म्हणून तर चूक उशिरा कळली."

"सल्लागारानं तटस्थ असावं, अशी आपली माझी समजूत."

"माझीही होती."

संचालक म्हणाले, "मी येईन. पण संचालक म्हणून माझं मत लपवणार नाही. सर्वांत आधी मीच उभा राहीन. आणि यानंतर संस्थेच्या पुढच्या कामांबद्दल वेगळा विचार करावा लागेल, हेही सांगून ठेवतो."

"करा विचार," बाई म्हणाल्या. "पण सर्वसंमती हा शब्द माझ्या सहीवर जाणार नाही. नुसत्या तुमच्या सहीवर चालत असेल, तर आजच केंद्र सुरू करा."

ते चालणार नव्हते. डॉक्टरांची अट तशी होती, आणि ती दोघांनाही ठाऊक होती.

दुसरी बैठक त्या लांबट खोलीत भरली. रात्रपाळीच्या मावश्या नुकत्या आल्या होत्या. कोणाचे केस ओले, कोणी खाटेच्या कडेवर टेकलेली, कोणी भिंतीला पाठ लावून डोळे मिटलेली. संचालक आले, सर्वांना नमस्कार केला आणि बाईंची रेघ पुरी होण्याआधीच उजवीकडे जाऊन उभे राहिले. बोलल्याप्रमाणे वागले, त्यात लबाडी नव्हती. खोलीतली प्रत्येक नजर तिकडे वळली.

बाई उठल्या. गुडघ्यावरचा खडू झटकला. आयुष्यभराच्या सवयीने त्यांचे पाऊल रेषेवर पडले, आणि क्षणभर तिथेच राहिले. मग त्या रेषेवरून उतरून डावीकडे गेल्या आणि एकट्या उभ्या राहिल्या.

"ही खोली जाऊ नये, असं माझं मत आहे," त्या म्हणाल्या. "चुकत असेन, तर मावश्यांनीच मला तोंडावर सांगावं. पण आज कोणावर एकटं उभं राहायची वेळ आली, तर ती पहिल्यांदा माझ्यावर यावी."

"हा पक्षपात आहे, बाई."

"आहे. आणि तो मी तसाच लिहून देईन."

कोणी हलले नाही. बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. संचालकांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, संकोचच होता. आणि बाईंना वाटले, संपले. हे वाटूनही त्या जागच्या हलल्या नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या साऱ्या चरित्राचे मोल त्या न हलण्यात आहे.

मग तोफ आली. बाईंच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "सर, ब्यूरोत माझं नाव सगळ्यात वर घ्या. खोडायला बरं पडेल."

काही जणी फसकन हसल्या. ज्या हसल्या त्यांतल्या दोघी उठल्या. त्यांच्या मागून, पाय ओढत, कंबर चोळत, बाकीच्या येऊ लागल्या. एक पोरगेली मावशी मात्र उजवीकडे गेली आणि ठसक्यात म्हणाली, "मला शिकायचंय. मी सरांकडे बघून नाही आले, माझी मी आले."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "अशीच उभी राहा."

आणखी एक तिच्या सोबतीला गेली. उजवीकडे त्या दोघी आणि संचालक. डावीकडे सारी खोली.

"तुम्ही दबाव आणलात," संचालक म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच चढला होता. "हे ग्राह्य धरता येणार नाही. आणि उद्या ब्यूरोचा कारभार विस्कळीत झाला, तर त्याची जबाबदारी—"

"विस्कळीत कसा होईल?" तोफ म्हणाली. "आम्ही येतोच की कामाला. तुम्ही आम्हाला काढलंत तरच होईल. काढायचं तर सगळ्यांना काढा, आणि आजाऱ्यांची कूस मग तुम्ही बदला."

"मी काढण्याबद्दल बोललोच नाही."

"मग झालं तर."

"झालं कसं? मुद्दा असा आहे, की प्रशिक्षणामुळे दीर्घकालीन..."

परंतु मावश्यांना दुपारी पुन्हा कामावर जायचे होते. एका मावशीने खिडकीचा पडदा ओढला. दुसरीने केस टॉवेलात गुंडाळले आणि ती आपल्या खाटेवर आडवी झाली. मग तिच्या पलीकडची. ज्यांना खाट मिळाली नाही त्यांनी खाली चादर पसरली, ती नेमकी संचालकांच्या पायांपर्यंत आली. कोणी त्यांना जा म्हटले नाही. त्यांच्या देखत, त्यांच्या वाक्याच्या मध्यावर, खोलीने आपले काम सुरू केले.

बाई दारापाशी गेल्या आणि ते उघडून धरले.

"उरलेलं बाहेर बोलू, सर. तुम्हाला हवं तितका वेळ मी भांडेन. इथे माणसं झोपली आहेत."

संचालकांनी खोलीभर पाहिले. त्यांना अजून पुष्कळ सांगायचे होते, हे दिसत होते. पण कोणी ऐकत नव्हते, आणि कोणी घाबरतही नव्हते. मग कोणाच्या चादरीवर पाय पडणार नाही अशा बेताने, दबक्या पावलांनी, ते बाहेर पडले.