हवालदाराचा वर्ग

हैदराबादच्या जामबागेतल्या मराठी शाळेत मास्तरांची टंचाई पडली म्हणून माझी वर्णी लागली, नाहीतर फौज सोडून आलेल्या माणसाला कोण विचारतो? हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं होतं. तेलंगण आंध्रात, कानडी मुलूख म्हैसूरला. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, म्हणून मुरलेले शिक्षक औरंगाबाद-नांदेडच्या वाटेला लागले. मी मॅट्रिक होतो, पलटणीत जवानांना लिहिणं-वाचणं आणि नकाशा शिकवला होता. हेडमास्तरांनी मला तात्पुरतं घेतलं आणि चौथीचा वर्ग दिला.

थोड्याच दिवसांत माझा वर्ग शाळेतला सगळ्यात शिस्तीचा झाला. हजेरीला मुलं टाचा जुळवून ‘हाजिर!’ म्हणत. प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. मी मनातून खूश होतो. हेडमास्तर मात्र नव्हते. तोंडात सदा पान असलेले, फटकळ गृहस्थ. एक दिवस दारात उभे राहून म्हणाले, “काय हो हवालदारसाहेब, हा वर्ग आहे का कबरस्तान? बाहेरून जाताना वाटतं, आत कुणी नाहीच. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरं बोलायला पाहिजेत. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागंल.”

नोकरी गेली तर परभणीकडं भावाच्या शेतावर परत जाणं आलं, आणि आम्हा भावांचं एक दिवसही धड पटलेलं नव्हतं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “पोरं बोलत नाहीत यात नवल काय? घरात मी तरी कुठं बोलते?” ती दिवसभर बोलायची, पण मुद्दा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ‘बोला!’ म्हणून ओरडलो. वर्ग आणखी चिडीचूप झाला.

सुट्टी संपेपर्यंत राज्याची वाटणी होऊन गेली आणि भिंतीवरचा नकाशा शिळा झाला. पलटणीत आम्ही जमिनीवरच नकाशा काढून जवानांना मुलूख समजावत असू. तसंच करावं म्हणून पोरांना अंगणात नेलं. कबड्डीचं मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीनं जुनं राज्य आखलं, त्यात नव्या हद्दी ओढल्या आणि सांगितलं, “आता आपापल्या आजोळी जाऊन उभे राहा.”

पोरं पळाली. बिदरच्या भागात एक मुलगी गेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिनं जमिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“गुरुजी, तुमची रेघ चुकलीय. माझं आजोळ उदगीरचं. तुम्ही ते म्हैसूरला टाकलंत. ते मुंबई राज्यात आलंय, मामा सांगून गेला.”

हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते. मी सबंध बिदर जिल्हा म्हैसूरला देऊन मोकळा झालो होतो, त्याचे तालुके फुटलेत हे मला ठाऊकच नव्हतं. ‘चूप!’ हा हुकूम अगदी ओठावर आला होता. तो गिळला आणि फक्कीचा डबा तिच्या हातात दिला. “काढ बरोबर.”

तिनं काढली. लगेच भालकीचं पोरगं उसळलं, “मग आमची भालकी का नाही? माझी आजी तर मराठीच बोलते!” दुसरा म्हणाला, “हैदराबादच मुंबई राज्यात घ्या!” तिसरा कंबरेवर हात ठेवून उभा, “नक्को! चारमिनार कुठं नेता?” बघता बघता अंगणाचा मासळीबाजार झाला. शेजारच्या वर्गातल्या बाई खिडकीतून डोकावून ‘जरा हळू’ म्हणाल्या, ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

हेडमास्तर पायऱ्या उतरून आले. मी सवयीनं सावधान उभा राहिलो. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, “आता वर्षभर या पोरांना तुम्हीच सांभाळायचं. फक्त त्या बाईंनाही थोडं शिकवू द्या.”

नोकरी टिकली. मी तिथंच, फक्कीनं आखलेल्या आंध्रात, खाली बसलो. सुटलो, असं वाटलं, आणि ते काही नोकरीपुरतं नव्हतं. काश्मीरच्या लढाईत, डोंगरात, नकाशातली रेघ चुकली की गेलेली माणसं परत येत नसत. इथं माझी रेघ चुकली होती, आणि पोरं सगळीच्या सगळी समोर उभी होती, धडधाकट, एकमेकांवर ओरडत.