पोलिक्सेनीच्या बारा बशा

ग्रीसमधल्या आमच्या काताकोलो बंदरात नावाच्या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्या संताचं नाव आपल्याला असतं, त्याच्या दिवशी दार उघडं ठेवायचं. लोक आपणहून येतात, गोड खातात, "पुष्कळ जग" म्हणतात आणि गावभरच्या चहाड्या करून जातात. बोलावणं धाडलं की हसं झालंच म्हणून समजा.

पोलिक्सेनी या नावाचा अर्थच मुळी पुष्कळ पाहुण्यांची. तिचा नवरा स्ताथिस तीस वर्षं बोटीवरच्या प्रवाशांना बसने ऑलिंपियाचे पडके खांब दाखवून आणायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा तिने घरोघर निरोप धाडला, "यंदा आम्ही करत नाही." असा निरोप मागे कसा घ्यायचा, याची मात्र आमच्याकडे रीत नाही.

या तेवीस सप्टेंबरला, आपल्या नावाच्या दिवशी, तिने दार सताड उघडलं. द्राक्षांचा मुरंबा, बारा बशा, बारा पेले पाणी. अंगावर काळे कपडेच, कारण ते विधवेला जन्माचे. आणि तिथेच माशी शिंकली. येणारेजाणारे ते काळं बघत, सण अजून बंदच आहे असं समजत, आवाज खाली आणत आणि पुढे सरकत. बिचारीला त्रास नको म्हणून! असला मोठेपणा चुलीत घाला.

दुपारी बोटीवरचं एक जोडपं आत शिरलं. पोलिक्सेनीला कोण आनंद झाला! तिने त्यांच्या बशांत बरणीतून दुसऱ्यांदाही वाढलं, स्ताथिसचा फोटो दाखवला, आपल्या भाषेत सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. ते गेल्यावर बशीखाली पाच युरोची नोट निघाली. ती नोटेकडे बघतच राहिली.

तेवढ्यात तिची चाळीस वर्षांची मैत्रीण कालिरोई रस्त्यावरून ओरडली, "काय गं, हॉटेल टाकलंस की काय? आम्हाला पत्ताच नाही!"

आज माझा सण आहे, ये ना. एवढं म्हटलं असतं, तर कालिरोई हातातली टोपली टाकून धावली असती. पण मग ते बोलावणं झालं असतं.

"हो, टाकलंय," पोलिक्सेनी म्हणाली. "आता बंद करतेय."

"गिऱ्हाईक तरी आलं का?"

"पाहुणे आले होते. दोन."

कालिरोई हसत निघून गेली. पोलिक्सेनीने दार लावून घेतलं आणि उरलेल्या दहा बशांतला मुरंबा परत बरणीत भरता भरता ती रडली.