मंगलाक्का आणि पुढचं फाटक

हुबळीच्या बाजारात खटावकरांच्या दुकानात कुलूप मागायला गेलात, तर आधी एका प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. ‘कशाला हवंय?’ नवखं गिऱ्हाईक हसतं. कुलूप आणखी कशाला हवं असणार, अक्का, लावायला. मग मंगलाक्का चष्म्याच्या वरून बघतात. दार लाकडी की लोखंडी, उन्हापावसातलं की आतलं, रोज उघडायचं की सणासुदीला, आणि आत आहे काय, हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्यांचा हात मागच्या फळीकडे जात नाही. ही सासऱ्यांची शिकवण. न विचारता दिलेलं कुलूप भलत्याच दाराला लागतं, असं म्हातारा सांगायचा. बत्तीस वर्षं अक्कांनी ती शिकवण पाळली. एकदाच चुकल्या, आणि त्या चुकीचा राग अजून त्यांच्या डोक्यातून उतरलेला नाही.

झालं ते असं. सहा वर्षांपूर्वी अक्कांचे यजमान रामचंद्र रायापूरला ‘सोबत’मध्ये वारले. ‘सोबत’ म्हणजे हॉस्पिस. डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसांना शेवटचे दिवस वेदनेशिवाय काढता यावेत, म्हणून तिथं आणतात. बारा खाटा, चार नर्सा, एक स्वयंपाकीण, आणि कारभार बघायला सात विश्वस्त. विश्वस्तांना पगार नाही, मानधन नाही. आपापला धंदा-नोकरी सांभाळून यायचं. संस्था ज्या डॉक्टरीणबाईंनी काढली, त्या एक रीत घालून गेल्या होत्या. इथून शेवटचं जाणारं माणूस पुढच्या फाटकातून जाईल. त्या वेळी हातातलं काम टाकून सगळ्यांनी व्हरांड्यात उभं राहायचं आणि जो कुणी थोरला विश्वस्त हजर असेल त्यानं, नाहीतर नर्सनं, त्या माणसाचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यायचं. रामचंद्रांचं नाव सिस्टर भाग्यलक्ष्मीनं घेतलं होतं. स्वयंपाकीण पिठाचे हात तसेच घेऊन उभी होती. अक्कांना बाकीचं त्या दिवसातलं फारसं आठवत नाही, ते हात आठवतात. वर्षभरानं विश्वस्त होणार का म्हणून विचारलं, तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या. दर गुरुवारी दुकान मंजुनाथवर सोपवून त्या रायापूरला जायच्या आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या खाटेशी बसायच्या. मंजुनाथ दुकानातला जुना माणूस, पन्नाशीचा. त्याला काही सांगावं लागत नसे.

विश्वस्त मंडळाची पण एक रीत होती, आणि खरं दुखणं तिथंच होतं. या मंडळात मतदान असं कधी झालंच नाही. अध्यक्ष बाळाचार्य, सगळ्यांचे अण्णा, निवृत्त वकील, सत्त्याहत्तरीचे. माणूस देवासारखा, पण देवासारखाच गप्प. विषय वाचायचा, चष्मा काढायचा, तीन श्वास थांबायचं, कुणी बोललं नाही की वहीत ‘सर्वानुमते मंजूर’. कुणी चुळबुळ केलीच, तर अण्णांचं ठरलेलं, ‘इरली बिडरी.’ असू द्या, सोडा हो. तेरा वर्षांत एकही ठराव वादानं झाला नाही, याचा सगळ्यांना केवढा अभिमान. आग लागो त्या अभिमानाला. चार भली माणसं मूग गिळून बसली की त्याला एकमत म्हणायचं, आणि वर चुरमुऱ्यांचं गिरमिट खायचं.

जूनच्या बैठकीला गिरमिट आणायची पाळी मंगलाक्कांची होती. गिरमिट आधी कालवून ठेवलं तर चुरमुरे मऊ पडतात, त्याचा लगदा होतो. म्हणून अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून कालवत होत्या. पाचवा विषय वाचला गेला, ‘फाटकाच्या वापराबाबत’. फाटक म्हटल्यावर रंगबिंग द्यायचा असेल, असं त्यांना वाटलं. अण्णांनी चष्मा काढला. तीन श्वास. अक्कांनी त्या तीन श्वासांत कोथिंबीर घातली. शेवटी वही फिरत आली, तेव्हा तेलकट बोटांनीच सही केली.

दुसऱ्या दिवशी सचिवाचा फोन. सचिव म्हणजे श्रीनिधी, चाळिशीचा इंजिनियर, तारिहाळला स्वतःचा कारखाना. हुशार, कामाचा, आणि कुणालाही नाही म्हणायची सवय नसलेला. ‘अक्का, संस्थेला एक दणकट कुलूप पाहिजे.’ दुसरं गिऱ्हाईक असतं तर अक्कांनी त्याला उभं-आडवं विचारलं असतं. पण संस्थेचं काम, त्यात काय विचारायचं? त्यांनी दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं. सात लिव्हरचं, पोलादी कडीचं, आयुष्यभर न हलणारं. बिल केलं नाही. मंजुनाथच्या हाती लगेच पाठवून दिलं, आणि वर दिवसभर खुशीत राहिल्या.

पुढचे दोन गुरुवार भाचीच्या लग्नापायी मिरजेत गेले. तिसऱ्या गुरुवारी त्या रायापूरला आल्या, तेव्हा पुढच्या मोठ्या फाटकाला ते कुलूप लागलेलं होतं. माणसांना यायला-जायला बाजूची अरुंद दिंडी उघडी होती. गुरंढोरं शिरत असतील, म्हणून फाटक बंद केलं असेल, असं अक्कांना वाटलं. जाता जाता त्यांनी कुलपाला हात लावून पाहिला. चांगलं बसलं होतं.

त्या दिवशी त्या फकीरव्वाजवळ बसल्या. फकीरव्वा धारवाडची. चाळीस वर्षं मास्तरांच्या, वकिलांच्या, साहेबांच्या घरची भांडी घासली, मोऱ्या धुतल्या, तुंबलेली गटारं हातानं मोकळी केली. तिची वाट ठरलेली. मागचं बोळ, मागचं दार, मागची मोरी. आता पोटात गाठ होती आणि दिवस थोडे होते. तिनं कन्नडात विचारलं, ‘अक्का, इथनं माणसाला समोरनं नेतात म्हणे. खरं?’

‘खरं,’ अक्का म्हणाल्या.

‘नाव पण घेतात? माझ्यासारखीचं?’

‘घेतात की. सगळ्यांचं घेतात.’

फकीरव्वानं मान अक्कांकडे वळवली. ‘जन्म मागल्या दारानं गेला. एकदा समोरनं जायचंय मला. तेवढं बघशील?’

अक्कांनी तिचा हात धरून शब्द दिला. द्यायला काय लागत होतं? रीतच होती ती.

बाहेर आल्या तर भाग्यलक्ष्मी उभी. तिचा चेहरा उतरलेला. ‘अक्का, शब्द कशाला दिलात? आता समोरनं नेत नाहीत. फाटक बंद केलंय. ठराव झाला ना तुमचा?’

मग तिनं सगळं सांगितलं. समोर नवा लेआउट झालाय, बंगले उठलेत. तिथल्या लोकांनी अर्ज दिला होता. दर दोन-चार दिवसांनी मुडदा बघावा लागतो, मुलं घाबरतात. म्हणून मंडळानं ठरवलं, यापुढं मागच्या दारानं न्यायचं. मागे म्हणजे कुठं, तर स्वयंपाकघराच्या मोरीवरून, जिथं ड्रेसिंगचा घाण कचरा लाल-पिवळ्या डब्यांत भरून ठेवतात, त्या डब्यांच्या मधून. गेल्या पंधरवड्यात तिघं तशीच गेली. व्हरांड्यात कुणी उभं राहिलं नाही. नावं घेतली नाहीत, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

अक्कांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशाच तडक त्या धारवाडला बाळाचार्यांच्या घरी गेल्या. अण्णांनी शांतपणे वही आणली, पान काढलं, बोट ठेवलं. ‘तुमची सही आहे हो, मंगलाक्का.’ सहीशेजारी तेलाचा डाग पण होता. अक्कांना वाटलं, तो डाग जिभेनं चाटून पुसावा. मुकाट्यानं सही करणारी बाई त्याच लायकीची.

‘मुलं घाबरतात म्हणे,’ त्या म्हणाल्या. ‘मुलं कसली घाबरतात, अण्णा? घाबरतात ती थोरली, आणि पोरांचं नाव पुढं करतात. आणि आपण? आपण काय म्हणून मान डोलावली?’

‘पुढच्या बैठकीत विषय घेऊ की. इरली बिडरी.’

‘पुढची बैठक अठरा दिवसांनी आहे. फकीरव्वाकडे अठरा दिवस नाहीत.’

अण्णांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. अक्का चहा न घेता उठल्या. श्रीनिधीला फोन केला, तर तो म्हणाला, ‘अक्का, जरा अ‍ॅडजस्ट करू या. गेलेल्या माणसाला काय कळतंय, पुढचं काय आणि मागचं काय?’ अक्कांनी उत्तर न देता फोन ठेवला. उत्तर दिलं असतं तर ते लिहिण्यासारखं नव्हतं. घरी येताना उणकलच्या तळ्यापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि एकटीच स्वतःला शिव्या देत बसल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कुलूप त्यांचं, सही त्यांची, आणि दिलेला शब्दही त्यांचाच.

सोमवारी सकाळी साडेदहाला भाग्यलक्ष्मीचा फोन आला. फकीरव्वा गेली. दुकानात गर्दी होती. अक्कांनी गिऱ्हाइकाच्या हातातला बिजागऱ्यांचा डबा काढून घेतला, शटर अर्धं ओढलं आणि मंजुनाथला म्हणाल्या, ‘हॅकसॉ घे. चार पाती घे.’ गाडीतूनच दोन फोन केले. दोघांना एकच वाक्य सांगितलं. ‘फकीरव्वा गेली, चावी घेऊन या, आणि चावी नसली तरी या.’

रायापूरला पोचल्या, तर फकीरव्वाला स्वच्छ पातळ नेसवून ठेवलं होतं. तिला आपलं म्हणायला एकच, बहिणीची मुलगी संगीता. ती कुठंय म्हणून विचारलं, तर कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात बाळाचार्य आले, आणि पाठोपाठ तारिहाळहून श्रीनिधी. चावी कारखान्याच्या खणात राहिली म्हणाला. विसरला की विसरल्यासारखं केलं, देव जाणे.

‘असू द्या,’ अक्का म्हणाल्या. ‘आधी तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला. आपण जी वाट मंजूर केली ना सर्वानुमते, ती एकदा चालून बघू. तिघांपैकी एकानं तरी बघितलीय का?’

कुणीच बघितली नव्हती. वर्षानुवर्षं संस्था चालवणारी माणसं, पण मागच्या अंगणात कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. अण्णांनी धोतराचा सोगा हातात धरला. मोरीवर शेवाळ होतं. डब्यांवर माशा होत्या. आणि दोन डब्यांच्या मधे, हातात पिशवी घेऊन, तिशीतली एक बाई भिंतीला टेकून उभी होती.

‘संगीता ना तू?’ अक्का म्हणाल्या. ‘इथं का उभी?’

‘फोनवर सांगितलं, गाडी मागनं येणार. म्हणून मागनंच आले. तासभर झाला.’ मग तिघांचे चेहरे बघून तीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, ‘काही नाही हो, सवय आहे आम्हांला.’

बाळाचार्य तिच्याकडे बघत उभे राहिले. तीन श्वास झाले, चार झाले. अक्का वाट बघत होत्या, की आता म्हणतात ‘इरली बिडरी’. म्हणाले असते तर त्या वयाच्या माणसाला अक्कांनी त्या दिवशी काय केलं असतं, सांगता येत नाही. पण अण्णा मागे वळले आणि म्हणाले, ‘कापा ते कुलूप.’

‘अण्णा, ठराव आहे,’ श्रीनिधी म्हणाला.

‘मीच लिहिलाय.’

मंजुनाथनं फाटकापाशी बसून कुलूप उलटंपालटं केलं. ‘अक्का, ह्याची कडी कापायला अर्धा दिवस जाईल. आपलंच कुलूप आहे, फसवं नाही. कोयंडा कापू या, तो कच्चा आहे.’ श्रीनिधीनं कारखान्यातून ग्राइंडर मागवू का म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, ‘आत अकरा माणसं पडलीत, त्यांच्या कानाशी ग्राइंडर लावायचा?’ मग हातानंच कापायला घेतलं. खर्र खर्र आवाज सुरू झाला. समोरच्या बंगल्यांच्या गच्चीवर माणसं येऊन उभी राहिली. अक्कांनी त्यांच्याकडे तोंड करून कंबरेवर हात ठेवला.

‘पुढच्या बैठकीत ठराव बदलू,’ अण्णा हळूच म्हणाले. ‘सर्वानुमते.’

‘सर्वानुमते नको. नावं लिहा. कोण हो म्हणालं, कोण नाही. जूनच्या ठरावावर पण लिहा, मंगला खटावकर, तोंड बंद, म्हणजे हो. ते खोडायचं नाही. बघणाऱ्याला दिसू दे.’

श्रीनिधी मान खाली घालून उभा होता. दोन पाती मोडली. तिसऱ्या पात्यावर कोयंडा तुटला आणि फाटक उघडलं. स्वयंपाकीण, नर्सा, झाडूवाली, सगळ्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. दोन खाटांवरची चालती माणसं सलाइनचा दांडा धरून दारापर्यंत आली. नाव घ्यायचा मान थोरल्याचा, म्हणून बाळाचार्य पुढं झाले, आणि थांबले. पूर्ण नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी संगीताकडे वाकून विचारलं. मग कोर्टात बोलत असतील तशा खणखणीत आवाजात म्हणाले, ‘फकीरव्वा यल्लप्पा हादिमनी.’

चौघांनी तिला उचललं आणि सरळ पुढच्या फाटकातून नेलं. मागनं यायची ती गाडी आता समोर रस्त्यावर उभी होती. संगीताला मावशीशेजारी बसायचं होतं. तिनं पिशवी उचलली, पदर सावरला, आणि मागच्या अंगणाकडे चालू लागली.

‘अगं, कुठं निघालीस?’ अक्का म्हणाल्या.

‘मागनं वळसा घालून येते. तुम्ही व्हा पुढं.’

मंगलाक्का इतका वेळ रडल्या नव्हत्या, आताही रडल्या नाहीत. त्यांनी संगीताचं मनगट पकडलं, दुखेल इतकं घट्ट, आणि तिला त्या उघड्या फाटकातून बाहेर नेलं. तुटक्या कोयंड्याला ते सात लिव्हरचं कुलूप तसंच लटकत होतं, पक्कं लागलेलं.