चिंचेच्या कुंडीतलं खत

वडनेरला माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. एरंडीची पेंड विकताना मी प्रत्येकाला सांगतो, पोतं बांधून ठेवा, गुराढोरांचं तोंड लागू देऊ नका, विषारी असते. सांगून सांगून ते वाक्य माझ्या तोंडात बसलं आहे, आणि तरीही हे माझ्याच हातून झालं.

घराच्या ओट्यावर माझी काही बोन्साय झाडं आहेत. त्यातली चिंच सगळ्यांत जुनी. माघात तिची पानं पिवळी पडायला लागली. बोन्सायची मुळं मूठभर मातीत असतात, त्यांना एकदम खत दिलं तर ती जळतात. म्हणून एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा भिजवून लाडूसारखे छोटे गोळे वळायचे आणि कुंडीच्या कडेला ठेवायचे. पाणी घालावं तसं खत हळूहळू उतरतं. मी गोळे वळले आणि सगळ्या कुंड्यांत ठेवले.

सकाळी पाहिलं तर चिंचेच्या कुंडीतले गोळे नव्हते. खारीनं नेले असतील असं वाटलं. मी पुन्हा ठेवले आणि दुकानात गेलो. दुपारी जेवायला आलो तर तेही गेले होते.

समोरच्या काकू घरामागे वांगी-मिरच्या लावतात आणि बाजारात विकतात. एकट्याच असतात. गल्लीतला एक तांबडा कुत्रा त्यांच्या दारात राहायचा. काकू भाकरी करायला बसल्या की पहिली भाकरी त्याची. त्या दिवशी दुपारपासून तो ओकत होता. संध्याकाळपर्यंत रक्त पडायला लागलं. मीच नांदुऱ्याहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सलाईन लावली आणि विचारलं, "काही विषारी खाल्लं का यानं?"

त्या क्षणी मला कळलं. कुंडीच्या मातीवर पंजाचे ओरखडे होते, ते मी दुपारीच पाहिले होते. फक्त त्यांचा अर्थ लागला नव्हता.

मी बोलणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "त्यानंच घातलं असंन. यानं त्याची कोंबडी धरली तवाच म्हनला होता, एक दिवस याले पाहतोच म्हून."

त्या पलीकडच्या घरातल्या माणसाबद्दल बोलत होत्या. तो कोंबड्या पाळतो. गल्लीतले चार-पाच जण लगेच त्याच्या दाराशी गेले. तो बाहेर आला, मागे त्याची दोन लेकरं. "मी काही नाही केलं हो माय! लेकराईची शपथ!" तो ओरडत होता. कोणी ऐकत नव्हतं. एकानं त्याची कॉलर धरली. मी तिथेच उभा होतो. मधे पडून मी एवढंच म्हणालो, "जाऊ द्या, सोडा त्याला." सोडा म्हणालो. का सोडायचं, ते सांगितलं नाही.

घरी येऊन मी उरलेले गोळे वेचले. बायको दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय लपवून राह्यले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग आत्ताच जा ना." मी म्हणालो, सकाळी जातो, आता सगळे तापलेले आहेत.

पहाटे कुत्रा गेला. काकूंनी वाफ्यांच्या कडेला खड्डा खणायला घेतला होता. मी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं, खड्डा पुरा केला आणि मग सगळं सांगितलं. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. काकू खाली बसल्या.

"खत घातलं तं घातलं. तुले काय मालूम तो खाईन म्हून," त्या म्हणाल्या. "पन काल डाक्टर इचारत होता, तवा काऊन नाही सांगलं? तू तं तथीच उभा होता."

पुढे मी डॉक्टरांना गाठून विचारलं, तेव्हाच सांगितलं असतं तर तो वाचला असता का. ते म्हणाले, "यावर उतारा नाही. पण कळलं असतं तर वेगळे प्रयत्न केले असते. वाचला असता की नाही, सांगता येत नाही." ते सांगता येत नाही, हेच माझ्यामागे लागलं आहे.

कोंबड्यावाल्याकडेही गेलो. गल्लीतल्या लोकांसमोर हात जोडले. त्यानं मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. म्हणाला, "तुमी सांगलं, चांगलं केलं भाऊ. पन रातभर माह्या पोरानं मले इचारलं, बाबा, खरंच तुमी मारलं का? त्याले काय सांगू?"

काकूंनी आता दारात दुसरं जनावर ठेवलेलं नाही. माझ्याकडून मिरचीचं बी नेतात, बोलतात, विचारपूस करतात. कोंबड्यावालाही येतो. पूर्वी तो बाकावर टेकायचा, चहा येईपर्यंत पावसापाण्याचं बोलायचा. आता मी चहा सांगतो तेव्हा म्हणतो, "नाही भाऊ, घाई हाय," आणि उभ्यानंच सामान घेऊन जातो.