फुलाखालचा सांधा

माझी आई दारव्ह्याच्या एका जिनमध्ये कापूस साफ करायची, आणि सकाळी मालकीणबाईंचं अंगण झाडायची. झाडून झालं की चहा मिळे. बाईंकडे निळ्या वेलीचे सहा विलायती कप होते, सासऱ्यांच्या वेळचे. त्यातला एक फुटला. बांगडीवाल्यानं तो लाखेनं जोडला आणि सांध्यावर वेल पुन्हा रंगवून दिली. मग तो गोठ्याच्या कोनाड्यात गेला, आईसाठी. बाई वरून चहा ओतत. गरम चहानं लाख मऊ व्हायची आणि मोठ्या फुलाखालून थेंब यायचा. आई ती जागा बोटानं दाबून धरायची. ते बोट कायम भाजलेलं असे.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेऊन आलो. दुसऱ्याच दिवशी आई बाईंना म्हणाली, "मी चाय सोडली." एवढंच. काम कसं सोडणार, खायचं काय?

पुढं काही वर्षांनी मालक वारले. बाई नागपूरला मुलाकडे निघाल्या. सुनेच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नव्हतं त्यांना, म्हणून कप विकायला जुन्या वस्तू घेणाऱ्याला बोलावलं. कप कापसात बांधायला आई आणि मी पायरीवर बसलो. मी तेव्हा अठराची. पाहते तर काय, ओळीत सहाही कप! कोनाड्यातला राखेनं घासून आत आणलेला. सहाही अखंड असले तरच तो व्यापारी घेणार होता.

त्यानं एकेक नखानं वाजवला. पाच खणखणले. सहावा थड्. उन्हात धरून फिरवला, पण वेलीखाली रेघ काही सापडेना.

"हा जोडलेला दिसते जी?"

"काहीतरीच! मी रोज ह्याच कपात चहा घेते," बाई म्हणाल्या.

मी आईकडे पाहिलं. ती वाजवून झालेला कप कापसात गुंडाळत होती. मला राग यायला पाहिजे होता. खोटं कशाला बोलू, आत काही हललंच नाही. मी कापूस पिंजत राहिले.

"मग होऊन जाऊ द्या," म्हणत त्यानं त्याच्यासाठी आणलेल्या किटलीतला वाफाळता चहा त्या कपात ओतला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी कप ओठांपर्यंत नेला, आणि तिथंच थांबल्या. आईचं तोंड लागलेला कप. पिववेना, ठेववेना. तेवढ्यात फुलाखालून थेंब आला.

आई मान वर न करता म्हणाली, "बाई, बोट फुलाखाली धरा. चटका बसते, पण सवय होते."