जुन्या बांधाची माती

मुकादम बांधावर उकिडवा बसायचा, दोन बोटांनी चिमूटभर माती उचलायचा आणि जिभेवर ठेवायचा. मग डोळे मिटायचा. समोर साहेब उभा असला तरी नसल्यासारखा. "अजून दोन पावसालं तरी हिच्यात भात न्हाय," असं काहीतरी सांगून तो थुंकायचा आणि पुढे चालू लागायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. पुढे त्याच मातीचा तपासणी अहवाल आला. तोही तेच म्हणत होता, फक्त दीड महिना उशिरा आणि चार पानं खर्चून.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सगळं काम त्यांच्या अंगात असतं आणि कागदावर मात्र ती कुठेच नसतात. या माणसाचं नाव मी सांगत नाही. त्याचे भाऊबंद अजून खाडीकाठी नांदत असतील, आणि ते नाव कुणी काढलेलं त्यांना रुचेल असं मला वाटत नाही.

आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि खाडीकाठची शेतं खाऱ्या पाण्यापासून राखायला सरकारने मातीचे नवे बांध घालायला घेतले होते. मी नुकता ओव्हरसिअरची परीक्षा पास झालेला, बावीस वर्षांचा उंटावरचा शहाणा. आगरदांड्याहून होडीने खाडीत आत, म्हसळ्याच्या बाजूला, कामावर पोचलो आणि पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत चिखलात गेलो. पाय निघाला, बूट राहिला. एका काळ्या, काटक माणसाने कोपरापर्यंत हात खुपसून बूट बाहेर काढला, डबक्यात खळबळला आणि माझ्यासमोर धरला.

"साहेब, आज बूट हजर जाला. उद्या तुमी या."

सगळी बायामाणसं खदखदून हसली. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी अनवाणी गेलो. मुकादमाशी माझी ओळख झाली ती अशी.

तो जातीने आगरी, ज्या गावासाठी हा बांध चालला होता त्याच गावचा. मुरुडला नबाबाचं राज्य होतं त्या काळात कुठल्याशा धक्क्याच्या कामावर तो माती वाहायला गेला होता. आधी डोक्यावर पाटी, मग आखणीची दोरी धरणं, मग रांगा लावणं, मग मुकादमी. एवढ्या चार पायऱ्या चढायला त्याची वीस वर्षं गेली. माणसं कामाला कशी लावावीत याचं पुस्तक मी वाचलं होतं, आणि ते किती बिनकामाचं होतं हे मला त्याच्याकडे बघून कळलं. तो ओरडत नसे. सकाळी रांगा लावताना कोणाच्या शेजारी कोण हे तो असं ठरवायचा, की लग्नात पंगत मांडतोय असं वाटावं. एकदा त्याने दोन बायकांना उचलून रांगेच्या दोन टोकांना नेऊन उभं केलं. मी कारण विचारलं.

"जावा हायत. काल चुलीवरशी भांडल्या. जवल उभ्या ठेवल्या तं पाटी हातात देनार न्हाईत, पायावर टाकतील."

नकाशा वाचायची त्याची पद्धतही त्याचीच. अक्षरं सावकाश लागत, म्हणून तो नकाशा जमिनीवर पसरायचा आणि कागदावरची खाडी खऱ्या खाडीच्या दिशेला येईपर्यंत फिरवत राहायचा. एकदा तसं करताना त्याने पाणी सोडायच्या दाराच्या जागेवर बोट ठेवलं. नकाशात दार जिथे होतं तिथे दर वर्षी गाळ साचतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "मोठ्या साहेबांची सही आहे यावर."

"दर्या कागुद वाचीत न्हाय, साहेब."

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. आम्ही दार वीस पावलं सरकवलं आणि ती जागा माझ्या हुशारीने सापडली असं वर कळवलं. वरून मला शाबासकी आली. मुकादमाला सांगितलं तेव्हा तो मनापासून खूश झाला, याची आज मला लाज वाटते.

त्याला एकच गोष्ट हवी होती. सरकारी मिस्त्री व्हायचं होतं. पक्का. मुकादम म्हणजे काम असेल तोवर माणूस, काम संपलं की पाचोळा. मिस्त्रीचं नाव खात्यात लागतं, एक काम संपलं की त्याला पुढच्या कामावर धाडतात. "आपुन बांदलेला बांद आपल्याला वलखीत न्हाय," तो म्हणायचा. "खात्यानं तरी वलखावा." त्यासाठी सातवी पास हवं होतं. हा चौथी शिकलेला, वय चाळिशीच्या आसपास.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्याला शिकवायला बसलो. पहिल्या वर्षी तो मराठीत नापास झाला. निबंध आला होता 'समुद्रकिनाऱ्यावरील एक तास'. याने लिहिलं की समुद्रकिनाऱ्यावर एका तासात चाळीस माणसं किती पाट्या माती टाकतात, ओहोटी असेल तर किती आणि भरती चढत असेल तर किती. हिशेब अगदी बरोबर होता. दुसऱ्या वर्षी तो पास झाला. "कसं जमलं?" मी विचारलं.

"या वेलेला खोटं लिवलं, साहेब. लाटा नाचतात म्हनून लिवलं."

आम्ही दोघेही पोट धरधरून हसलो. दिवाळीनंतर त्याच्या नेमणुकीचा कागद आला. एक वर्ष उमेदवारीवर, काम समाधानकारक वाटल्यास कायम. त्याने खाकी सदरा शिवून घेतला आणि खिशाला पेन्सिल लावली. बायको पदराआडून म्हणाली, "आता यांना हाक कशी मारू?" तिचाही तो आनंदच होता. एवढं सुख मी त्या घरात नंतर पाहिलं नाही.

मिस्त्री म्हणून त्याला पहिलंच काम मिळालं ते खांड मिटवण्याचं. हे जरा समजून घ्या. नवा बांध दोन्ही काठांकडून बांधत आणला होता आणि मध्ये एक फट राहिली होती, तिला खांड म्हणतात. तिच्यातून भरतीचं पाणी आत येई, ओहोटीला बाहेर जाई. आत, नव्या बांधाच्या मागे, गावाचा वाडवडिलांपासूनचा जुना बांध होता. शेतं आणि पिण्याच्या पाण्याचं तळं तोच राखत होता. खांड मिटवायची ती एकाच ओहोटीत, अर्धवट ठेवून चालत नाही. आणि ती मिटवायची अष्टमीच्या सुमारास, पाण्याला जोर नसतो तेव्हा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कोणी शहाणा माणूस ओल्या मातीवर भरवसा ठेवत नाही. दुसरा नेम असा, की नव्या बांधाने एक पावसाळा काढल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. हे नेम कुठे लिहिलेले नव्हते. खाडीकाठच्या प्रत्येक घराला ते पाठ होते.

मोठ्या साहेबांकडून निरोप आला की खांड मिटवायच्या समारंभाला मुंबईहून पाहुणे येणार, तारीख ठरली आहे. मी पंचांग काढलं. माघी पौर्णिमेचा दुसरा दिवस. भर उधाण. शिवाय दिवस इतके कमी की लांबून माती आणायला वेळ नाही. निरोपात त्याचीही सोय होती. जुन्या बांधाची माती जवळ आहे, ती वापरावी.

मुकादमाने निरोप दोनदा वाचला. दर्याचं ते वाक्य त्या दिवशी तो बोलला नाही.

"साहेब, तुमी लिवा ना. आठ दिस पुढं ढकला म्हनावं."

माझंही कायम होणं त्याच वर्षी होतं. मी म्हणालो, "मुकादम, आता मिस्त्री तुम्ही आहात. काम तुमच्या ताब्यात. तुम्हाला वाटत असेल तर तुम्हीच लिहा, मी वर पाठवतो."

त्याने पेन्सिल काढली, परत खिशाला लावली. मग हळूच म्हणाला, "न्हाय लिवलं तर?"

"तर काम समाधानकारक होईल," मी म्हणालो. अशा वेळी जीभ कशी झडत नाही कोण जाणे.

"मग मी सांबालतो. मानसं दुप्पट लावतो. लाकडाच्या मेढी ठोकतो, पेंढा भरतो. सांबालतो मी."

आणि त्याने लिहून दिलं, काम ठरल्या दिवशी तयार होईल. खाली सही केली. ती लफ्फेदार सही शिकवायला मला तीन महिने लागले होते.

गावातली माणसं एरवी उधाणाच्या दिवशी खांडीवर पाय ठेवत नसत. दुसऱ्या कुणा सरकारी माणसाने हाकारलं असतं तर तिथी विचारून घरी बसली असती. पण बोलावणारा त्यांचाच मुकादम होता, म्हणून कोणी तिथी विचारली नाही. त्यांनी आपल्या हाताने आपला जुना बांध मधोमध खणला आणि ती माती नव्या खांडीत टाकली.

सकाळी ओहोटीला काम जोरात झालं. इतक्या देखण्या रांगा मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. नऊ वाजता पाहुणे आले, नारळ फुटला, शेवटची पाटी त्यांच्या हातून पडली, टाळ्या झाल्या. दहाला सगळे पाहुणे होडीत बसून जेवायला गेले. भरती साडेबाराची होती. अकराला चढतं पाणी नव्या मातीला भिडलं तसा मुकादम खांडीच्या माथ्यावर उभा राहिला. माती आतून घाम फुटावा तशी पाझरत होती. तो मेढी ठोकत होता, पेंढे दाबत होता, शेवटी सदरा काढून तोही त्याने भेगेत कोंबला. बाराच्या सुमारास खांड फुटली. आवाज फारसा झाला नाही. पाणी जुन्या बांधाच्या खणलेल्या जागेतून सरळ शेतात शिरलं, वालाच्या शेंगा बुडाल्या, आणि मग तळं. बायका कळशा घेऊन धावल्या, तळ्यातलं मिळेल तेवढं गोडं पाणी वाचवायला. काहींच्या कळशीत तोवर खारंच आलं होतं.

चौकशी झाली. कागदावर सही त्याची. मला विचारलं, "भरतीची कल्पना यांनी तुम्हाला दिली होती का?" तो समोर उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हणालो, "आठवत नाही." नेमणूक रद्द झाली, पुढे कोणत्याही सरकारी कामावर ठेवू नये असा शेराही पडला. मी चैत्रात कायम झालो.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. गावाने जुना बांध पुन्हा भरायचं ठरवलं होतं. खाडीकाठी याला जोळ म्हणतात. प्रत्येक घरातून एक माणूस येतो, मजुरी कोणी घेत नाही, आणि ज्या घराला बोलावणं नाही ते घर गावात नाही असं समजतात. त्याच्या घराला बोलावणं गेलं नव्हतं. अष्टमी होती. मी राहिलेलं सामान मोजून घ्यायला गेलो होतो आणि बांधापासून थोड्या अंतरावर उभा होतो. तो आला आणि रांगेत दोन माणसांच्या मध्ये उभा राहिला. कोणी त्याला हाकललं नाही. डावीकडून पाटी आली, त्याने दोन्ही हात पुढे केले. डावीकडचा माणूस एक पाऊल पुढे सरकला, पाटी त्याच्या समोरून नेली आणि उजवीकडच्याच्या हातात दिली. दुसरी पाटीही तशीच गेली. तिसरीही. कोणी शिवी दिली नाही, कोणी बोललंही नाही. तो प्रत्येक वेळी हात पुढे करत होता.

दुपारी माणसं भाकरी खायला बसली तेव्हा तो तिथेच उभा राहिला. पुन्हा रांग लागली, पुन्हा पाट्या त्याला वगळून जाऊ लागल्या. भरती चढायच्या आत बांध भरून झाला. माणसांनी पाट्या धुतल्या आणि ती घराकडे गेली. तो रांगेतल्या आपल्या जागी एकटाच उभा होता, हात अजून कमरेच्या वर, कोरडे. त्याच्याकडे जाऊन दोन शब्द बोलावेत असं मला फार वाटलं. पण होडीवाला घाई करत होता, आणि मी होडीत जाऊन बसलो.