एका रकान्यासाठी: घाटकोपर, अंधेरी, बोरिवली

जर्मनीत विषय बदलायचा असेल तर तिकीट थेट मुंबईचं काढावं लागेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दक्षिणेकडच्या एका शहरात रसायनशास्त्रात मास्टर्स करत होते. तिसऱ्या सत्राआधी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात सहा आठवडे काम केलं आणि मला कळलं की मला जलव्यवस्थापन शिकायचं आहे. तो अभ्यासक्रम उत्तरेकडच्या दुसऱ्या विद्यापीठात होता. तिथल्या सल्लागार बाईंनी लिहिलं, की आमच्याकडे गणित आणि भौतिकशास्त्राचे किमान तास लागतात, तेव्हा बी.एस्सी.चा पूर्ण अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह पाठवा. कॉलेज अंधेरीचं. ईमेलला उत्तर आलं नाही. म्हणून फेब्रुवारीच्या सुट्टीत बारा दिवसांसाठी मुलुंडला घरी आले.

हे झालं सांगण्यासारखं कारण. दुसरं कारण अर्जातला एक रकाना होता.

पहिलीचे दोन महिने सोडले, तर मी चौथीपर्यंत शाळेत गेलेले नाही. तेव्हा आम्ही बोरिवलीला राहायचो. पहिलीत घातलं, तर दोन महिने मी वर्गात तोंडच उघडलं नाही. हजेरीला 'हजर' म्हणायलाही आवाज फुटायचा नाही. शेवटी शैलाआत्या म्हणाली, हिला मी शिकवते. आत्या आमच्याबरोबरच राहायची, शिवणकाम करायची. अपूर्णांक मी तिच्या मोजायच्या टेपवर शिकले. पाचवीला परीक्षा देऊन शाळेत गेले तेव्हा बोलायलाही लागले होते.

पहिल्यांदा जर्मनीला अर्ज केला तेव्हा घाटकोपरच्या एका सल्लागारांनी तो भरला. पहिली ते दहावी, सलग एकाच शाळेचं नाव. मी ते पाहिलं होतं. पाठवायचं बटणही मीच दाबलं. आता नवा अर्ज मी स्वतः भरत होते आणि तोच रकाना पुन्हा समोर आला. खरं लिहावं तर दोन अर्ज जुळणार नाहीत. जुन्या विद्यापीठाने विचारलं तर? माझा निवास परवाना त्यांच्याच प्रवेशावर उभा आहे. शिवाय जर्मनीत मूल शाळेत घालावंच लागतं, घरी शिकवणं चालत नाही. तिथला माणूस हे वाचून काय म्हणेल? आणि खोटं लिहावं तर या वेळी सल्लागारांकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

घाटकोपर

मुलुंडहून सकाळी अकरानंतर निघा, गाडीत उभं राहायला तरी जागा मिळते. सल्लागारांचं ऑफिस स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, साड्यांच्या दुकानाच्या वर.

"मॅडम, सेटल झाला ना तुम्ही? मग पुन्हा कशाला आले?" ते म्हणाले.

मी रकान्याचं सांगितलं. ते हसले.

"चौथीपर्यंतचं कोण बघतंय यार? गॅप दिसला की प्रश्न येतात. गॅप नाही, प्रश्न नाही. आपण काय डिग्री खोटी दाखवली का?"

"नाही."

"मग? झोपा शांत. आणि तिकडच्या मैत्रिणींना आपला नंबर द्या."

त्यांनी चहा पाजला आणि एक पैसा घेतला नाही. खाली उतरून मी खाऊगल्लीत चीज डोसा घेतला. अर्धाच गेला. भूक असली तरी दोघींत एकच घ्या, बराच मोठा असतो. शांत झोप मला मिळणार नाही हे मला तिथेच कळलं होतं. लहानपणी आत्याच्या डब्यातलं एक बटण न विचारता घेतलं होतं, तेव्हाही तीन दिवस जेवण गेलं नव्हतं.

अंधेरी

घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, वीस मिनिटं. कॉलेज स्टेशनपासून जवळच आहे. तुम्हाला हेच काम असेल तर ऐका: फक्त गुणपत्रिका पुरत नाही. प्रत्येक विषयात काय शिकवलं आणि किती तास, हे लागतं. अभ्यासक्रमाची प्रत स्वतः छापून न्या, पानांना क्रमांक घाला आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी पोचा.

ऑफिसातल्या मावशींनी गठ्ठा हातात तोलून पाहिला.

"एकशे बारा पानं? प्रत्येकावर शिक्का?"

"हो. प्लीज."

"जर्मनीत कागदाची टंचाई आहे वाटतं. घे, तूच मार. मी बघते. पण सरळ मार हं, माझी सही आहे त्यावर."

मी एकशे बारा शिक्के मारले. सत्त्याण्णवावा तिरका गेला. मी ते पान पुन्हा छापून आणते म्हणाले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगं, तिरका शिक्का खोटा असतो का? जा घरी."

बोरिवली

आम्ही मुलुंडला आलो तरी आत्या बोरिवलीलाच राहिली, तिची गिऱ्हाइकं तिथली म्हणून. पूर्वी मुलुंडहून बोरिवली म्हणजे दादरला वळसा. आता घाटकोपरला मेट्रो पकडा, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या स्थानकावर उतरा, पुलावरून गुंदवलीला चालत जा, तिथून दुसऱ्या मेट्रोने मागाठाणे. दोन्ही मिळून पन्नासएक रुपये. उजवीकडे बसा. मागाठाण्याकडे येताना इमारतींच्या फटींतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात, फेब्रुवारीत ते तपकिरी असतात.

आत्या दारातच उभी होती, गळ्यात टेप.

"इलंस? किती बारीक झालंस गो! खाऊन घे आधी, मगे काय ता सांग."

घावणे होते आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. मी घाटकोपरचा डोसा टाकला होता, इथे मात्र चार घावणे खाल्ले. मग सांगितलं. विषय बदलते आहे इथून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं.

"नापास झालंस?"

"नाही गं."

"मग बदल की. मी ब्लाउज शिवायचे, आता पडदे शिवते. पुढे?"

पुढे रकाना. त्या चार वर्षांत शाळेचं नाव लिहिलं आहे, तुझं कुठेच नाही, असं मी सांगितलं. मशीनवरचा पडदा आत्याने घडी करून बाजूला ठेवला, स्टुलावर चढली आणि कपाटावरची फाइल काढली. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली. तिने बोट ठेवलं.

'यापूर्वीची शाळा' या रकान्यात निळ्या शाईत एक शब्द होता: घरी.

"तुझ्या पाचवीच्या प्रवेशाला मीच गेलेले," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, इथे डॅश मारते. मी म्हटलं, डॅश कशाला? चार वर्षं काय डॅशने शिकवलं हिला? त्या म्हणाल्या, नियमात नाही. मी म्हटलं, मग मी इथेच बसते. दुपारपर्यंत बसले. तेव्हा रजिस्टरला हे लिहिलं त्यांनी, तेच दाखल्यावर उतरलं."

मला हे माहीत नव्हतं. हा दाखला मी कॉलेजात भरला होता, तो रकाना न वाचता.

"आणि तू डॅश पण नाही मारलास," आत्या म्हणाली. "सरळ दुसऱ्याचं नाव लिहिलंस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला अजून एक घावणा वाढला.

"आता खरं लिहिलं आणि त्यांनी काढून टाकलं तर?" मी विचारलं.

"तर परत ये. पडदे शीक." मग माझं ताट उचलताना म्हणाली, "तुला भीती वाटते ना? पहिलीत पण वाटायची. तेव्हा गप्प बसायचीस. बोललीस तेव्हा सुटलीस."

निघताना तिने दाखल्याची प्रत माझ्या बॅगेत घातली. "लिहिशील तर आत्या-बित्या नको. पूर्ण नाव लिही. आणि बारावी पास लिही."

मुलुंड आणि पुन्हा जर्मनी

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, आई बॅगेत कोकम कोंबत असताना, मी दोन ईमेल पाठवले. नव्या विद्यापीठाला: माझी पहिली चार वर्षं अशी गेली, रकान्यात काय लिहू? जुन्या विद्यापीठाला: माझ्या अर्जात चुकीची माहिती आहे, ती मी जाणून पाठवली होती. 'जाणून' हा शब्द मी तीनदा काढला आणि तीनदा घातला. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे स्वतःहून सांगायची गरज होती?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "आत्यावर गेलीस."

नव्या विद्यापीठाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: जसं झालं तसं लिहा, आमचा निर्णय बारावी आणि पदवीवर होतो. सल्लागार बाईंनी शेवटी लिहिलं होतं की अशी नोंद त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. जुन्या विद्यापीठाने मात्र पाच आठवडे घेतले. त्या पाच आठवड्यांत मी रोज दोनदा टपालपेटी उघडून बघायचे. मग पत्र आलं: माहिती दुरुस्त केली आहे, प्रवेशावर परिणाम नाही, यापुढे काळजी घ्यावी. शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा वाचते.

उन्हाळ्यात प्रवेश मिळाला. भौतिकशास्त्राचे तास कमी भरले, म्हणून एक जादा विषय घ्यावा लागेल आणि एक सत्र वाया जाईल. विषय बदलणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच निघावं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला नवं प्रवेशपत्र दाखवायचं आहे, तेव्हा भीती वाटेलच. ती या प्रवासात कमी झाली नाही. पण रकाना समोर आला की आता मी वर-खाली स्क्रोल करत बसत नाही.

ज्या अर्जावर हा प्रवेश मिळाला, त्यात शाळेच्या नावापुढे मी लिहिलं होतं: घरी. शिक्षिका शैला परब, बारावी उत्तीर्ण, बोरिवली पूर्व. खाली शाळेचा प्रकार निवडायचा होता, तिथे 'इतर' निवडलं. पाठवण्याआधी त्या पानाचा फोटो आत्याला पाठवला. तिचं उत्तर आलं नाही. चार दिवसांनी आईचा फोन आला, की आत्या मागाठाण्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्याची रंगीत प्रिंट काढून आली आहे आणि लॅमिनेट करून घेतली आहे.